भार जातो कुठून? पडझडीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इमारती आणि पूल का पडतात याविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. एकाच गोष्टीची चौकशी करणारी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमची इमारत तळमजला अधिक चार मजले अशी आहे. खालच्या गाळेवाल्याला दुकान मोठं करायचंय. मधला एक कॉलम काढून वर लोखंडी गर्डर टाकतो, काही होत नाही, असं त्याचा कंत्राटदार छातीठोकपणे सांगतो. कमिटीने ना-हरकत द्यावी का? (सोसायटीचे सचिव, डोंबिवली)

उत्तर : देऊ नये. कंत्राटदाराला पटवायचं असेल तर हिशेब त्याच्यासमोर मांडा. कॉलम एका दिशेने ४ मीटरवर आणि दुसऱ्या दिशेने साडेतीन मीटरवर आहेत असं धरू. म्हणजे मधल्या कॉलमच्या वाट्याला दर मजल्याचे १४ चौरस मीटर आले. स्लॅब, बीम, लादी, भिंती, माणसं, सामान असं सगळं मिळून चौरस मीटरला ढोबळ ११ किलोन्यूटन. एका मजल्याचे झाले १५४. गच्ची धरून पाच स्लॅब, म्हणजे ७७० किलोन्यूटन. सरळ बोलीत ७८ टन. माल भरलेले जवळपास तीन दहाचाकी ट्रक त्या एका कॉलमच्या डोक्यावर उभे आहेत.

आता गर्डर. कॉलम गेला की शेजारच्या दोन कॉलममधलं अंतर ८ मीटर होतं आणि हे ७८ टन गर्डरच्या बरोबर मध्यावर येतात. ६०० मिमी उंचीचा आयएसएमबी, म्हणजे बाजारात मिळणारा आय-आकाराचा पोलादी गर्डर, घातला तरी त्यातला ताण चौरस मिमीला ५०० न्यूटनच्या वर जातो. साधं बांधकामाचं पोलाद २५० ला वाकायला लागतं. दोन गर्डर शेजारी शेजारी लावले तर ताण २५० वर येतो, म्हणजे तेव्हाही काठावरच, आणि मध्यावर २२ मिमी झोल पडतो. तेवढेच वरचे चारही मजले खाली बसतात. विटांच्या भिंतीला पाच-सहा मिमी बसणंही सोसत नाही.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. सलग बीम कॉलमवरून जातो तिथे तो वरच्या अंगाला ताणला जातो, म्हणून मुख्य सळया तिथे वर असतात. खालच्या सळया बऱ्याचदा तिथेच संपवलेल्या किंवा जोडलेल्या असतात. कॉलम काढला की त्याच जागी बीम खालच्या अंगाला ताणला जातो आणि तिथे पुरेशी सळई नसते. शिवाय गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट झाला की वाकवणारा जोर चौपट होतो. आणि काढलेल्या कॉलमचे ७८ टन कुठे नाहीसे होत नाहीत. निम्मे निम्मे शेजारच्या दोन कॉलमवर आणि त्यांच्या पायावर जातात. ते पाये त्या हिशेबाने घातलेले नाहीत.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत तेव्हा फेरफार चालू होते.

कॉलम हलवता येतच नाही असं नाही. नवे पाये, दोन्ही टोकांना नवे खांब, गर्डरखाली हायड्रॉलिक जॅक लावून आधी पूर्ण भार गर्डरवर घ्यायचा आणि मगच कॉलम कापायचा, अशी ती रीत. तो खर्च ऐकला की दुकान मोठं करायची हौस बहुधा फिटते. एक जादा सूचना: इमारत जुनी आणि लोड-बेअरिंग असेल, म्हणजे जाड भिंतीवर भिंत थेट वरपर्यंत चढत गेली असेल आणि कुठे कॉलमच दिसत नसेल, तर तिथे भिंत हाच कॉलम. तिच्यात दार पाडणं म्हणजे तेच काम, फक्त नाव वेगळं.

प्रश्न : बाल्कनीच्या खालच्या बाजूचे पोपडे पडून सळया दिसायला लागल्या आहेत. भिंतींना भेगाही आहेत. गवंडी म्हणतो, पुट्टी भरून रंग मारू. कुठल्या भेगेला घाबरायचं? (निवृत्त शिक्षिका, मुलुंड)

उत्तर : भेगेची जागा आणि दिशा बघा, लांबी नंतर. गिलाव्यावरचं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक तडकणं निरुपद्रवी. बीमच्या खाली, भिंत जिथे त्याला भिडते तिथली आडवी सरळ रेघ ही वीट आणि काँक्रीट वेगवेगळे आकुंचन पावतात म्हणून येते. जाळी ठोकून गिलावा केला की भागतं. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी जाणारी भेग मात्र आतल्या सळईच्या रेषेत असते: सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, ४५ अंशात तिरकी जाणारी भेग सर्वांत वाईट. ती दिसली तर त्याच दिवशी खाली टेकू लावा आणि अभियंत्याला बोलवा.

भेग जिवंत आहे की जुनी, हे कळायला काचेची पातळ पट्टी दोन्ही काठांवर इपॉक्सीने चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे.

पुट्टीने गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. आधी गळती शोधा. बहुतेक वेळा ती वरच्या संडास-न्हाणीच्या खोलगट स्लॅबमध्ये असते. ती न थांबवता केलेली दुरुस्ती दोन पावसाळे टिकते. मग स्लॅबखाली प्रॉप (टेकू), सुटं काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिमी मोकळं होईपर्यंत काढणं, तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टिंगने गंज घासणं. सळईची जाडी ठळकपणे कमी झाली असेल तर शेजारी नवी सळई जुनीवर पुरेशी लांब चढवून बांधणं. त्यानंतर जस्तयुक्त प्रायमर, चिकट लेप आणि पॉलिमर मॉर्टरचे पातळ थर. एकाच दमात जाड थर थापला की तो तसाच्या तसा गळून पडतो.

स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात आकडे मागा. 'स्थिती समाधानकारक' या दोन शब्दांना काही किंमत नाही. ध्वनिलहरींच्या चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली संशयास्पद. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्के. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन हे रसायन शिंपडल्यावर ते गुलाबी झालं तर सळईला अजून संरक्षण आहे. रंग आलाच नाही तर ते संपलं. काँक्रीट कोरून गाभ्याचे तीन नमुने काढले तर त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ च्या खाली नको. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हॉटेलमधला पादचारी पूल एका छोट्या बदलामुळे पडला, असं शिक्षक म्हणाले. भार तोच, सळयांची जाडी तीच, तरी ताकद निम्मी कशी झाली? (स्थापत्य पदविकेचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : दोरी, दोन आकाशकंदील आणि एक खिळा घ्या. खिळ्याला एकच लांब दोरी बांधा आणि तिला दोन गाठी मारा. एका गाठीवर वरचा कंदील, दुसऱ्या गाठीवर खालचा. प्रत्येक गाठ आपल्या एकाच कंदिलाचं वजन सोसते. आता दोरी वरच्या कंदिलापाशी कापा आणि खालच्या कंदिलाची वेगळी दोरी वरच्या कंदिलाच्या बुडाला बांधा. खिळ्याला फरक कळत नाही. वरच्या दोरीलाही कळत नाही. पण वरच्या कंदिलाखालची गाठ आता दोन कंदील पेलते, आणि कंदिलाच्या ज्या बारक्या काठीवर ती गाठ टेकलेली असते ती काठीही.

हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दालनात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या पातळीवर तीन पूल टांगलेले होते. तिसऱ्याचा पूल बाजूला स्वतंत्र होता, दुसऱ्याचा बरोबर चौथ्याच्या खाली. मूळ आराखड्यात छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत ३२ मिमीची एकच अखंड सळई होती आणि चौथ्या मजल्याचा पूल तिच्यावरच्या नटवर मधेच टेकणार होता. त्यासाठी सळईला लांबच्या लांब आटे पाडावे लागले असते, आणि उभारणी करताना ते आटे खराब होण्याची भीती. म्हणून पोलादी काम करणाऱ्याने सळईचे दोन तुकडे सुचवले: एक छतापासून चौथ्या मजल्याच्या आडव्या पेटीबीमपर्यंत, दुसरा त्याच बीमच्या शेजारच्या भोकातून खाली. बदलाच्या कारखाना-नकाशांवर अभियंत्यांचा शिक्का पडला. त्या जोडाचा हिशेब नव्याने कोणी मांडला नाही.

खरी कमजोरी बीममध्ये होती. दोन सी-आकाराचे चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेले आणि सळईचं भोक नेमकं त्या वेल्डच्या रेषेत पाडलेलं. खालून नट आणि वॉशर. भार वाढला तशी ती पातळ तोंडं उघडत गेली आणि नट भोकातून आरपार निघून वर गेला. सळई तुटलीच नाही. तपासात निघालं ते असं: मूळचा अखंड सळईचा जोडही शहराच्या बांधकाम नियमाने मागितलेल्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच होता. बदलानंतर तो ३० टक्क्यांवर आला. स्वतःचं वजन पेलून थोडंफार उरेल इतकाच. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याच्या कार्यक्रमाला गर्दी होती. चौथ्या मजल्याचा पूल दुसऱ्यावर आणि दोन्ही खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ जण मरण पावले. तिसऱ्या मजल्याचा पूल जागेवर राहिला, कारण त्याच्या नटवर फक्त त्याचाच भार होता. संबंधित दोन अभियंत्यांचे मिसुरी राज्यातले परवाने रद्द झाले.

परीक्षेत या जोडाची आकृती काढाल तेव्हा सळई नव्हे, नट सुटा करून त्याच्यावरचे जोर दाखवा. अखंड सळईत नटवर एका पुलाचा भार, तुटक सळईत दोन पुलांचा. तुम्ही विचारलेला दुपटीचा हिशेब एवढाच आहे, पण सळई हातात धरून बसलं तर तो कधीच दिसत नाही.

प्रश्न : महाडचा सावित्रीवरचा दगडी पूल ब्रिटिशांच्या काळापासून उभा होता. इतके पूर पाहिलेला पूल एका रात्रीत कसा जातो? (वाचक, पोलादपूर)

उत्तर : २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा तो कमानींचा पूल गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी बस आणि काही खासगी गाड्या. तिथला नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. दगडी पुलांच्या बाबतीत दोन गोष्टी समजून घेतल्या तर 'एका रात्रीत' हा शब्द इतका चमत्कारिक वाटत नाही.

पहिली गोष्ट पाण्याखालची. खांबाला आपटलेलं पाणी खाली वळतं आणि खांबाच्या पायाशी भोवरा करून तळ उकरतं. याला घळ पडणं म्हणू. रस्ते-पुलांच्या भारतीय संहितेत तिचा हिशेब लेसीच्या सूत्राने करतात: नदीच्या रुंदीच्या दर मीटरमधून सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं त्याचा वर्ग करा, तळाच्या वाळूच्या गुणांकाने भागा, घनमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. समजा मीटरमागे १५ घनमीटर पाणी आणि जाड वाळू, गुणांक १.५. उत्तर येतं ७.१ मीटर. खांबापाशी याच्या दुप्पट धरायचं, म्हणजे पुराच्या पातळीपासून १४.२ मीटर खाली. पुरात पाण्याची खोली ६ मीटर असेल तर खांबाच्या पायाशी आठ मीटरहून खोल खड्डा. पाया त्याच्याही खाली नसेल तर खांब हवेत.

घळीचा कावा असा की पूर ओसरताना वाहून आलेला गाळ तिला पुन्हा भरून टाकतो. मे महिन्यात पाहणीला गेलेल्या माणसाला सपाट वाळू दिसते. तळात खडक असला तरी निर्धास्त राहता येत नाही. जुन्या दगडी पायांच्या सांध्यांतला चुना वर्षानुवर्षं धुतला जातो आणि मग पुरात एकेक दगड निसटतो. न्यूयॉर्क राज्यात ५ एप्रिल १९८७ ला स्कोहॅरी नदीवरचा महामार्गाचा पूल असाच पाया उकरला जाऊन पडला. त्यात १० जण बुडाले. तो ब्रिटिशकालीन नव्हता, अवघा तीसेक वर्षांचा होता.

दुसरी गोष्ट कमानीची. कमान आपला भार फक्त खाली टाकत नाही, दोन्ही पायांना बाहेर ढकलते. मधल्या खांबावर डाव्या कमानीचं ढकलणं उजव्या कमानीच्या ढकलण्याशी फिटतं, म्हणून तो खांब सडपातळ ठेवलेला असतो. एक कमान पडली की शेजारच्या खांबावर एकाच बाजूने धक्का उरतो आणि तो सडपातळ खांब त्यासाठी बांधलेला नसतो. मग पत्त्यांच्या घरासारखी रांग लागते.

तुमच्या गावच्या जुन्या पुलावर काय बघायचं? कठड्याच्या वरच्या कडेवरून एका डोळ्याने नजर लावा. सरळ रेघ कुठे खचली असेल तर त्याखालचा खांब बसला आहे. कमानीच्या पोटात, पुलाच्या लांबीला समांतर जाणारी भेग दिसली तर कमानीचं कडं सुटतं आहे. सांध्यांत उगवलेला पिंपळ नुसता वरून तोडून भागत नाही, मुळं जिवंत राहतात. पाणी येतं त्या बाजूला अडकलेले ओंडके पूर यायच्या आत काढायला लावा, ते पाण्याची वाट अरुंद करून घळ वाढवतात. पुलाच्या आसपासच्या वाळूउपशाचंही तेच: तळ दोन मीटर खाली गेला की पायाची खोली तितकीच कमी झाली.

प्रश्न : अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा झुलता पूल अनुनादामुळे पडला, असं आम्ही शिकवतो. बरोबर आहे ना? (भौतिकशास्त्राचे शिक्षक, नांदेड)

उत्तर : पुरतं बरोबर नाही. अनुनादासाठी बाहेरून ठरावीक तालात झोके मिळावे लागतात. ७ नोव्हेंबर १९४० ला वारा ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास, बऱ्यापैकी स्थिर होता. त्या वाऱ्यात पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा ताल सेकंदाला सुमारे एक, तर पूल पिळत होता पाच सेकंदांत एकदा. ताल जुळतच नव्हते. पूल पिळला की वाऱ्याला मिळणारा कोन बदलायचा आणि तो बदललेला जोर पिळणं आणखी वाढवायचा. म्हणजे झोका पूल स्वतःच तयार करत होता. याला फ्लटर म्हणतात. ८५३ मीटरच्या गाळ्याला अवघ्या २.४ मीटर उंचीच्या सलग पत्र्याच्या तुळया होत्या. १९५० च्या नव्या पुलाला १० मीटर उंचीची जाळीदार कैची दिली. पावलं मोडून पूल ओलांडण्याचा लष्करी नियम मात्र खऱ्याखुऱ्या अनुनादाचं उदाहरण म्हणून खुशाल शिकवा.

प्रश्न : पणजीचा जुना मांडवी पूल १९८६ मध्ये पडला तेव्हा तो विशीतही नव्हता. आधी काहीच कसं दिसलं नाही? (वाचक, फोंडा)

उत्तर : कारण तो प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे ताणलेल्या तारांनी आवळलेल्या काँक्रीटचा होता. साध्या आरसीसीत सळई गंजली की काँक्रीट फुगतं, तांबूस डाग येतात, पोपडे पडतात. वर्षानुवर्षं आधी ओरड होते. प्रीस्ट्रेस्ड केबलच्या तारा कायमच्या त्यांच्या ताकदीच्या ६० ते ७० टक्के ताणलेल्या असतात आणि काँक्रीटमधल्या नळीत बंद असतात. नळीत सिमेंटचा पातळ घोल नीट भरला नाही तर पोकळी राहते. तिथे खारी हवा आणि ओल शिरली की तार काही ठिकाणी खोलगट खाल्ली जाते आणि एकदम तुटते. बाहेर डागसुद्धा येत नाही. वेल्समधला इनिस-इ-ग्वास पूल डिसेंबर १९८५ मध्ये याच रोगाने, कोणतीही गाडी नसताना पडला. ब्रिटनने पुढे १९९२ मध्ये अशा घोल भरलेल्या केबलचे नवे पूल काही काळ बंदच ठेवले. घोल भरताना दुसऱ्या टोकाच्या आणि मधल्या उंच जागच्या तोट्यांतून बुडबुडे थांबून सलग दाट घोल येईपर्यंत तोटी बंद न करणं, ही साधी शिस्त इथे जीव वाचवते.

प्रश्न : घराचा स्लॅब टाकायचा आहे. सेंटरिंग कोसळल्याच्या बातम्या वाचून धास्ती वाटते. काय तपासू? (घर बांधणारे, बार्शी)

उत्तर : टेकूचं बूड. भरावाच्या मऊ मातीवर किंवा विटांच्या चळतीवर टेकू उभे असतील तर काम थांबवा. खाली जाड फळी हवी आणि भराव चोपलेला. मग उंची. टेकूची ताकद उंचीच्या वर्गाने घटते: ३ मीटरला जो बांबू पुरतो तो ४.२ मीटरला निम्माच भार घेतो. दुकानासाठी वाढवलेल्या उंचीत नेहमीचेच टेकू, तेही तुकडे जोडून, हाच अपघाताचा ठरलेला नमुना आहे. मध्यावर दोन्ही दिशांना आडव्या बांधण्या आणि तिरके टेकू दिले की ती ताकद परत मिळते. ओतताना काँक्रीटचा ढीग एका जागी करू देऊ नका. अर्ध्या मीटरचा ढीग म्हणजे चौरस मीटरला सव्वा टन.

काढायची घाई नको. साध्या पोर्टलंड सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, पुढे २१. फ्लाय-अॅश मिसळलेलं पीपीसी असेल तर आणखी थांबा, ते हळू पिकतं. साध्या स्लॅबचे टेकू मधून कडेकडे काढायचे, छज्जा आणि बाल्कनीचे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे.

छज्जाचं एक वेगळं सांगायला हवं. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि ओतणारी माणसं नेमकी तिच्यावर पाय देऊन उभी राहतात. १०० मिमीच्या छज्जात वरून २५ मिमीवर असलेली सळई पायाने ४० मिमी दबली तर तिची कामाची खोली ७५ वरून ३५ मिमी होते, ताकद निम्म्याहून खाली येते, आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या काँक्रीटमध्ये ते कुणालाच दिसत नाही. सळईखाली वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या दर ६०-७० सेंटीमीटरवर ठेवायला लावा, माणसांना उभं राहायला फळ्या द्या आणि छज्जा भरेपर्यंत स्वतः तिथून हलू नका.